जवसाचा निळा

सोजरबाईला भोसरीत येऊन सहा वर्षं झाली होती, पण भोसरी तिनं पाहिली म्हणून नव्हती. ती अंबाजोगाईकडच्या आपल्या खेड्यातून लेकाकडे राहायला आली, तेव्हाच तिच्या डोळ्यांवर धुकं उतरायला लागलं होतं. आधी दिव्याभोवती खळं दिसायचं. मग माणसांचे चेहरे पुसले गेले. शेवटी शेवटी तर दार उघडं आहे की लावलेलं, एवढंच कळायचं. त्यामुळे भोसरी तिला कानांनी ठाऊक होती. सकाळी सातचा भोंगा, पलीकडच्या शेडमधल्या प्रेसची धपधप, शेजारच्या सरूबाईच्या स्टोव्हची फरफर, आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या सायकलींच्या घंट्या.

एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका संस्थेनं शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरवलं. भीमराजनं, म्हणजे तिच्या लेकानं, तिचं नाव घातलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि दीड महिन्यानं चष्मा आला. काच अशी जाड, की आतला डोळा आंब्याच्या कोयीएवढा दिसायचा.

चष्मा लावून तिनं पहिल्यांदा पाहिली ती नात. छबी चार वर्षांची झाली होती आणि तिला आजीनं नुसती हातांनी ओळखलेली होती. मग सून दिसली, कस्तुरा. आवाजावरून सोजरबाईला ती चांगली अंगानं भरलेली वाटायची. ती तर काडी होती. मग भीमराज.

"तू म्हातारा कवा झालास रे?" ती म्हणाली.

"केस पांढरे झालेत नुसते," भीमराज हसला. "पस्तीस वर्षांचा हाय मी, माय."

मग ती दाराबाहेर आली, वर पाहिलं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. आभाळ निळं होतं. इतकं निळं, की तिला वाटलं कोणी तरी आताच रंगवून गेलंय. डोळ्यातला पिवळा पडदा काढल्यावर निळा रंग असाच अंगावर धावून येतो, असं शिबिरातली नर्स म्हणाली होती; पण ते ऐकणं वेगळं आणि हे वेगळं.

"आभाळ रोज असंच असतंय?" तिनं विचारलं.

"असंच असतंय की, आत्या," कस्तुरा म्हणाली आणि नळावर गेली.

निळा हा सोजरबाईचा जीव होता. पण कुठलाही निळा नव्हे. तरुणपणी ती गावातल्या बागाईतदाराच्या शेतावर खुरपायला जायची. पौषात त्याच्या गव्हाच्या कडेनं जवसाचे पट्टे असत. जवसाचं फूल सूर्य वर आला की उमलतं आणि दुपारच्या भाकरीच्या वेळेला त्याच्या पाकळ्या गळून जातात. म्हणून ती बाकीच्या बायांच्या आधी शेतावर पोचायची. थंडीत पदर लपेटून बांधावर उभी राहायची आणि पाहायची. फिका, ओलसर, सकाळचा निळा. शेत दुसऱ्याचं, जवस दुसऱ्याचा, पण त्या घटकाभरात तो रंग तिचा असे. त्या रंगाचं लुगडं नवऱ्याच्या हयातीत कधी झालं नाही, आणि नवरा गेल्यावर तर सवालच नव्हता.

म्हणून चार वर्षांमागं पहिल्यांदा बोनस हातात आल्यावर भीमराजनं विचारलं, "माय, तुला काय आणू?" तेव्हा ती लगेच म्हणाली, "जवसाच्या फुलावानी निळं लुगडं." त्यानं आणलं. पुढच्या बोनसलाही आणलं. अशी चार लुगडी झाली. तिला ती दिसत नव्हती, पण ती हातानं चाचपायची, पिशवीतून पुन्हा पुन्हा काढायची, आणि नळावर पाण्याला गेली की सांगायची, "माझ्या लेकानं आणलंय. जवसाचा निळा हाय, बघा." नळावरच्या बाया "व्हय व्हय, लई झ्याक" म्हणायच्या.

चष्मा आल्यावर दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना तिनं ट्रंक उघडली.

चारी लुगडी खाटेवर पसरली. एक जांभळं होतं. एक वांग्याच्या रंगाचं. एक फिकं जांभळट, आणि चौथं तर चक्क गुलाबीकडे झुकलेलं. निळं त्यात एकही नव्हतं.

तिनं दारातल्या उजेडात नेऊन पाहिलं. चष्मा काढून पुसून पाहिलं. मग घड्या घालून लुगडी होती तशी ठेवली आणि ट्रंकेवर बसून राहिली. लुगड्याचं दुःख तिला तेवढं नव्हतं. नळावरच्या बाया आठवून तिचे कान तापले. चार वर्षं ती जांभळं लुगडं नेसून निळ्याचं कौतुक सांगत होती, आणि सरूबाईपासून सगळ्या जणी आंधळ्या म्हातारीला हो ला हो करत होत्या. आणि हे कोणी केलं, तर पोटच्या पोरानं. मिळेल ते उचलून आणलं असेल. म्हातारीला कुठं दिसतंय!

तीन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. कस्तुरानं दोनदा विचारलं, "आत्या, डोळा दुखतोय का?" तिनं नकारार्थी मान हलवली. कस्तुराचं आणि भीमराजचंही काही तरी बिनसलं होतं. दोघं एकमेकांशी छबीमार्फत बोलत होती. एवढं सोजरबाईला डोळे नसतानाही कळलं असतं.

बुधवारी संध्याकाळी भीमराज हातपाय धूत असताना ती म्हणाली, "उद्या तुझी सुट्टी ना?"

"व्हय. गुरुवार."

"मला गाव दाखव. जिथं जिथं निळं असंल तिथं ने. मला माझा निळा बघायचाय."

तिच्या मनात वेगळंच होतं. खरा निळा रंग त्याच्यासमोर धरायचा, आणि त्याच्या तोंडाकडे पाहायचं. मोठ्यानं काही बोलायचं नाही. लेकाचं तोंडच काय ते सांगेल.

भीमराजला ती कल्पना इतकी आवडली की तो ओल्या पायांनीच आत आला. "पिंपरीला जाऊ. कॅम्पात कापडाची दुकानंच दुकानं हायेत. बाजार बघशील तर येडी होशील, माय."

सकाळी दोघं निघाली. चष्म्यामुळे जमीन वर आल्यासारखी वाटायची, सोजरबाई पाऊल नको तेवढं उचलायची आणि दाणकन टाकायची. भीमराजनं तिचा दंड धरला होता. "पायरी हाय. दिसती तेवढी उंच न्हाई. हां, आता टाक." चष्म्याच्या कडेनं येणारी सायकल तिला दिसत नसे, ती एकदम काचेत उगवायची, मग सोजरबाई दचकायची आणि तो तिला आपल्याकडे ओढून घ्यायचा. रागात असूनही तिला त्या हाताचं बरं वाटत होतं, आणि त्याचा आणखी राग येत होता.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. शहर म्हणजे हे, असं तिनं मनाशी म्हटलं. लांबच लांब भिंती, भिंतींवर काचा, आत धुराडी, आणि मध्येच एखादं शेत, त्यात मेथी. गुरुवार असल्यानं कारखाने गप्प होते आणि सगळी वसाहत धुणं धूत होती. चाळींपुढे दोऱ्याच दोऱ्या, आणि दोऱ्यांवर कामगारांचे निळे कपडे. शर्ट आणि विजारी, शेकड्यांनी, हात खाली सोडून वाळत पडलेले.

"निळं बघ माय, किती!"

तिनं पाहिलं. "गडद हाय."

पुढे एका दुकानाची निळी पाटी आली. "ही?" "ही राखेतून काढल्यावानी." एका फाटकाचा निळा तिला चकचकीत वाटला, एका ट्रकच्या पाठीवरच्या मोराचा निळा हिरवट. एका वस्तीत विहाराच्या शेंड्यावर निळा झेंडा फडकत होता; तिनं बसमधूनच हात जोडले.

"हा तरी?" भीमराजनं विचारलं.

"हा मोठा हाय बाबा. हा समद्यांचा. माझा आपला लहान हाय, बांधावरचा."

आतापर्यंत भीमराज चुकला नव्हता. तो ज्याला निळं म्हणत होता ते निळंच होतं. मग याला निळा कळत नाही असं थोडंच आहे, असं तिला वाटलं, आणि तिची खात्री आणखी पक्की झाली. कळत असून आणलं.

पिंपरीला उतरून रेल्वेच्या पलीकडे जायचं होतं. गर्दीत भीमराजला वाट समजेना. तो म्हणाला, "थांब, त्या निळ्या लुगड्यातल्या बाईंना विचारतो."

सोजरबाईनं पाहिलं. समोर पाच-सहा बाया होत्या. निळं कोणीच नेसलेलं नव्हतं. भीमराज सरळ गेला आणि जांभळं पातळ नेसलेल्या एका बाईला वाट विचारून आला.

"कुठल्या बाईंना विचारलंस?"

"त्या काय, निळ्या लुगड्यातल्या."

सोजरबाईला वाटलं, आपलाच चष्मा नवा आहे.

कॅम्पात एका दुकानात दोघं गादीवर बसली. दुकानदार म्हातारा सिंधी होता, त्यानं आधी पाणी दिलं. "अम्मा, काय दाखवू?"

तिनं तोंड उघडायच्या आत भीमराज म्हणाला, "निळं. पण साधं निळं नको, शेठ. जवसाच्या फुलाचं. फिकं. मायला लई दिवसांपासून पाहिजे. पयले चार आणले, पण ते मी आपल्या अंदाजानं आणले. आज तिच्या डोळ्यांनी घ्यायचं."

शेठनं फळीवरून गठ्ठाच उतरवला. लुगडी सरासर उलगडली गेली. भीमराज पुढे वाकला, एकेक बाजूला सारत गेला, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. त्यानं खालून एक लुगडं ओढून काढलं आणि दोन्ही हातांवर घेऊन आईपुढे धरलं.

"हे बघ, माय! हा जवस. हाय का न्हाई?"

ते फिकं जांभळं होतं.

सोजरबाईनं ठरवलं होतं तसं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लबाडी शोधत होती ती. पण समोर लबाडी नव्हती. लहानपणी ओढ्यातून पहिला मासा धरून आणला होता, तेव्हाचं तोंड होतं ते.

"अरे भाईसाब," शेठ हसला, "हे तर जामुनी आहे. निळा हा बघा, हा."

भीमराजनं शेठच्या हातातल्या लुगड्याकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या. पुन्हा त्याच्याकडे, पुन्हा याच्याकडे. हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला. कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. आणि तो ज्या तऱ्हेनं खाली मान घालून बसला, ती तऱ्हा सोजरबाईनं आधी पाहिली होती. पन्नास वर्षांपूर्वी.

तिचा बाप, धोंडीबा. मिरच्यांची तोडणी चालली होती. लाल तेवढ्या तोडायच्या, हिरव्या ठेवायच्या. धोंडीबाच्या पाटीत निम्म्या हिरव्या निघाल्या. मुकादमानं सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत काठी घातली, मस्तीला आलास म्हणाला. बाप एवढंच म्हणत होता, "मला समद्या सारख्याच दिसत्यात, मालक." बाया हसल्या. पोरं हसली. नऊ वर्षांची सोजरही हसली होती. पाटी रिकामी करून बाप असाच बसला होता, मान घालून, कान लाल.

"शेठ," सोजरबाई ठसक्यात म्हणाली, "माझा लेक बरोबर हाय. मीच त्याला घरून सांगून आणलंय, जांभळं पाहिजे म्हणून. तुमच्यापुढं निळं निळं म्हणला, ते तोंडातून गेलं असंल. मला हेच आवडलं. पण आज घ्यायचं न्हाई, आज नुसतं बघायला आलोय. उठ, भीमा."

शेठ भला माणूस होता. तो हसू आवरून घड्या घालू लागला.

बाजाराच्या टोकाला एका टपरीवर ती दोघं चहाला बसली. बाकडं रस्त्याकडे तोंड करून होतं, त्यामुळे एकमेकांकडे न पाहता बोलता येत होतं.

"कवापासून?" तिनं विचारलं.

त्यानं बशीत चहा ओतला आणि तशीच बशी धरून बसला. "लहानपणापासूनच असंल. मला ठाऊक न्हवतं. सगळ्यांना असंच दिसतंय असं वाटायचं. कळलं ते सोलापूरला."

"रेल्वेच्या नोकरीला गेला होतास तवा?"

"व्हय. लेखी झालं, पळून झालं, समदं झालं. मग डॉक्टरनं एक पुस्तक काढलं. पानभर ठिपके. म्हणला, आकडा वाच. मला नुसते ठिपकेच दिसले. दुसरं पान, तिसरं पान. माझ्या मागच्या पोरानं भडाभडा वाचले. डॉक्टर म्हणला, तुला लाल-हिरवा कळत न्हाई, तुला सिग्नलपाशी कसं ठेवायचं? घरी जा."

"आन् तू घरी येऊन म्हणलास, डॉक्टरनं पैसे मागितले."

"व्हय."

"तेरा वर्षं झाली," सोजरबाई म्हणाली. "तेरा वर्षं मी त्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडतीय! त्याचं वाटोळं व्हावं म्हणून किती येळा म्हणले असंल. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं रे?"

भीमराजच्या तोंडून हसू फुटलं. तिलाही आवरलं नाही. टपरीवाला वळून पाहायला लागला. जाड काचेआड तिचा मोठा झालेला डोळा पाण्यानं भरला होता. तो हसण्यानं की कशानं, तिलाच कळत नव्हतं.

"मला वाटलं, तू मला फसवलंस," ती म्हणाली. "तीन दिवस मनात शिव्या दिल्या तुला."

"मला निळंच दिसत होतं, माय. दरवेळी. मी दुकानदाराला काय विचारतच न्हाई. विचारलं की हसत्यात. दुसरा कुठला रंग असता तर मी कोणाला तरी पाठवलं असतं. पण निळा मला येतो असं वाटायचं."

मग तिनं त्याला आज्याची गोष्ट सांगितली. मिरच्यांची, मुकादमाची, आणि आपण हसलो होतो तीही. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "माझ्या बापाचं तुला आलंय. मधी मी हाय, मला समदं दिसतंय. मीच आणून दिलं म्हण तुला."

"तू काय दिलंस," तो म्हणाला. पण तो आता ताठ बसला होता. या जगात आपल्यासारखा आणखी एक माणूस होऊन गेला, आणि तो आपल्याच रक्ताचा होता, हे त्याला त्या घटकेला फार मोठं वाटलं. त्यानं बशीतला गार झालेला चहा पिऊन टाकला. पुढचं आपण होऊन सांगितलं.

तो ज्या वर्कशॉपमध्ये होता तिथं विजेचे पॅनेल बनत. तो त्यांचे पत्र्याचे सांगाडे जोडायचा. दोन महिन्यांपासून फोरमन अर्जुनराव त्याच्या मागं लागले होते, की तू हुशार आहेस, वायरिंगला ये, पगार वाढेल. आणि भीमराज रोज नवी सबब सांगत होता. बोटं जाड आहेत. बसून पाठ दुखते.

"लाल तारेच्या जागी हिरवी गेली तर कोण तरी मरंल, माय. मी खरं सांगितलं तर म्हणतील, आंधळा हाय, उद्या याला कशालाच ठेवायला नको. आन् कस्तुरा म्हणती, तुमच्यात धमकच न्हाई. बोलत न्हाई ती माझ्याशी."

"तिला ठाऊक न्हाई?"

"लग्नाच्या आधी सांगितलं न्हाई. मग राहूनच गेलं. आता सात वर्षांनी काय सांगू?"

"आज सांग."

"बघू."

"बघू न्हाई. माझ्या बापानं सांगितलं होतं, आम्ही ऐकलं न्हाई. तू तर सांगतच न्हाईस. ऐकणाऱ्यानं काय करावं मग?"

त्यानं चहाचे पैसे दिले आणि तिचा दंड धरून तिला उठवलं.

परतताना बसमध्ये गर्दी होती, म्हणून दोघं आधीच्या थांब्यावर उतरली आणि शेडच्या मधल्या बोळांतून घरची वाट धरली. सगळीकडे कुलपं होती. तेलाचा आणि लोखंडाचा वास येत होता. एका शेडच्या मागच्या बाजूला लेथवरून निघालेल्या चुऱ्याचा ढीग पडला होता. लोखंड सोलताना निघतात ती लांब, वेटोळ्या सालांची भेंडोळी. भीमराज अकरा वर्षं त्या ढिगावरून जा-ये करत होता.

सोजरबाई थांबली. मग चष्मा दोन्ही हातांनी धरून खाली बसली.

"माय, हात लावू नको, कापंल. भंगार हाय ते."

"गप रे."

ऊन तिरपं पडलं होतं. वरवरची सालं कालच निघाली असावीत, त्यांना गंज चढला नव्हता. काही पांढरी होती, काही गव्हाळ, काही जांभळट. आणि अधूनमधून, जिथं लोखंड पुरतं तापून निवालं होतं, तिथं एक फिका, ओलसर वाटणारा निळा होता. पाकळीएवढाच पातळ.

"हाच," ती म्हणाली. "भीमा, हाच. शपथ. हा इथं कसा आला?"

भीमराज तिच्याशेजारी उकिडवा बसला. "तापलं की येतो. हत्यार जोरात लावलं, पाणी न्हाई मारलं, की येतो. आम्ही त्याला करपलं म्हणतो."

"करपलं म्हणता व्हय याला!" तिनं पदराच्या टोकात धरून एक साल अलगद उचललं आणि उन्हात फिरवलं. "तुला दिसतोय?"

"दिसतोय की. निळा दिसतो मला. हा निळाच हाय." मग त्यानं बोट पुढं केलं. "आन् त्याच्याशेजारचा?"

"तो जांभळा."

"मला एकच हाय दोन्ही."

तिनं दोन्ही त्याच्यापुढे जवळजवळ धरले. तो किती तरी वेळ पाहत राहिला, डोळे बारीक करून, मान वाकडी करून. मग त्यानं मान हलवली. "न्हाई, माय."

"असू दे," ती म्हणाली. "न्हाई तर न्हाई." आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून उठली.

घरी आल्यावर भीमराज बराच वेळ बाहेर घुटमळत राहिला. सोजरबाईनं छबीला घेऊन सरूबाईकडे मुक्काम हलवला आणि जाता जाता लेकाकडे असं पाहिलं, की त्याला आत जावंच लागलं. मधली भिंत पत्र्याची होती. ऐकू येऊ नये म्हणून सरूबाईनं स्टोव्हला पंप मारला, पण ऐकू यायचं ते आलंच.

आधी किती तरी वेळ भीमराजचाच आवाज, खालच्या पट्टीतला. मग कस्तुरा.

"म्हणजे तुमी आत्याला फसवत न्हवता?"

"न्हाई."

"चार वर्षं मला तुमची लाज वाटत होती! पयल्या लुगड्यालाच मी म्हणले होते, हे निळं न्हाई, तर केवढ्यानं खेकसलात. मला वाटलं, आंधळ्या आईला कसलंही गुंडाळतोय हा माणूस. उद्या माझे डोळे गेले तर मलाही असाच करंल." तिचा आवाज चिरकला. "सांगायला काय झालं होतं? मी काय मुकादम हाय का?"

म्हणजे मिरच्यांची गोष्टही त्यानं सांगितली, असं सोजरबाईच्या मनात आलं.

थोड्या वेळानं कस्तुरानं काही तरी उचलल्याचा आवाज झाला. "हा छबीचा फ्रॉक. हा कुठला—" आणि ती मध्येच थांबली. "न्हाई. जाऊ द्या. मी बी हेच करायला लागले." मग भांड्यांचा आवाज, आणि त्यातूनच, "उद्या अर्जुनरावांना सांगा. तुमच्यानं व्हत नसंल तर मी येते संगं."

तिला जावं लागलं नाही. भीमराजनं दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. अर्जुनराव आधी रागावले. "दोन महिने पाठदुखी ऐकवलीस. आधीच सांगायचं ना, राव!" मग त्यांनी वायरिंगला दत्तोबा नावाच्या दुसऱ्या कामगाराला घेतलं. भीमराजची नोकरी गेली नाही. पगारही वाढला नाही. पुढचे पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये जो तो त्याच्या नाकासमोर काही तरी धरायचा, "भावा, हा कुठला रंग?" टोप्या, डबे, विडीचे कट्टे. भीमराज सांगायचा, कधी बरोबर, कधी चूक; ते हसायचे, हाही हसायचा. रात्री जेवताना मात्र घास फिरवत बसायचा. हळूहळू लोकांना कंटाळा आला. उन्हाळ्यात अर्जुनरावांनी त्याला तयार सांगाड्यांची मापं तपासायला बसवलं, कारण पत्र्यातला केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. तिथं रंगाचा काही संबंध नव्हता.

घरातलं मात्र बदललं. कस्तुरा बोलायला लागली, आणि लागली ती थांबेचना. एका बुधवारी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "आत्यांना निळा दाखवून आणलात. मला कोणी विचारलंय का, मला कुठला आवडतो ते?"

भीमराजनं सोजरबाईकडे पाहिलं. खरंच कोणी विचारलं नव्हतं.

"कुठला?" तो म्हणाला.

"सांगितलं तर तुमाला काय दिसणार हाय का?"

"न्हाई दिसणार कदाचित. तू सांग तर."

कस्तुरानं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चौघं चिंचवडच्या बसमध्ये बसली. कस्तुरा खिडकीशी, तिच्या मांडीवर छबी, मागच्या बाकावर मायलेक. बस एका कंपनीची लांब भिंत ओलांडून वळली, आणि कस्तुरा एकदम अर्धी उठली. "त्यो! त्यो बघा, त्यो!"

तिघांनी माना वळवल्या. बस पुढे निघून गेली होती. सोजरबाईच्या काचेत नुसता एक हलता पट्टा येऊन गेला.

"काय होतं?" भीमराजनं विचारलं. "कुठला होता?"

"गेला मागं," कस्तुरा म्हणाली. ती हसत होती, आणि अजून मान वळवून मागंच पाहत होती. "येताना पलीकडच्या बाजूला बसा. दाखवते."